ताहरच्या डोंगरात नेण्याच्या हलक्या रायफलीवर कोणता स्कोप?

दक्षिणबेट

नमस्कार मंडळी. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर डोंगरात शिकार करणारे दोन-चार मराठी लोक इथे आहेत, म्हणून इथेच विचारतो.

रायफल टिक्का टी३एक्स लाइट, काडतूस ७ एमएम-०८, रिकामी साधारण २.९ किलो. नळीच्या तोंडावर ३०० ग्रॅमचा सप्रेसर (आवाज आणि धक्का कमी करणारी नळी). गोळी १४० ग्रेनची (साधारण नऊ ग्रॅम), क्रोनोग्राफवर सेकंदाला ८५० मीटरच्या आसपास. काम एकच: मे-जूनमध्ये ताहर (रानशेळीसारखा डोंगरी प्राणी) माजावर असताना हॉपकिन्स आणि गॉडली खोऱ्यांच्या वरच्या अंगाला जायचं, १२०० ते १८०० मीटर उंचीवर, चार-पाच दिवसांचं सामान पाठीवर घेऊन. ३५० मीटरच्या पुढे गोळी झाडायची नाही, हे पक्कं आहे.

स्कोप, म्हणजे रायफलीवर बसवायची नेमाची दुर्बीण, घेताना दोन पर्यायांत अडकलोय. एक म्हणजे ल्युपोल्ड व्हीएक्स-३एचडी २.५-८x३६ (अडीच ते आठ पट, ३६ मिमी भिंग), साधारण ३२५ ग्रॅम. दुसरा ३-१५x४४ सारखा, टरेट (स्कोपवरचं आकड्यांचं चाक) फिरवून नेम जुळवायचा, साडेपाचशे ग्रॅमच्या पुढे. हलकी रायफल घेऊन तिच्यावर जड स्कोप चढवायचा जिवावर येतं, पण ३५० मीटरवर आठ पट पुरतील का? रेटिकल (आतल्या नेमाच्या रेघा) पहिल्या फोकल प्लेनमधलं घ्यावं की दुसऱ्या? आणि चढावर वरच्या दिशेने गोळी झाडताना धक्क्याने स्कोप लागून भुवई फुटू नये म्हणून काय बघून घ्यायचं?

संपादक

भारतातल्या वाचकांसाठी एक टीप. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि हिमालयीन ताहर तिथे संरक्षित प्राणी आहे. न्यूझीलंडमध्ये तो बाहेरून आणलेला. ड्यूक ऑफ बेडफर्डच्या कळपातले ताहर १९०४ साली माउंट कुक भागात सोडले गेले आणि तिथल्या अल्पाइन गवताचा फडशा पडू लागला. १९९३ च्या नियंत्रण आराखड्यात त्यांच्या संख्येची मर्यादा १०,००० ठरवली आहे, आणि संवर्धन खात्याच्या परवान्यावर तिथे शिकार करता येते. या धाग्यावरची चर्चा तिथल्यापुरतीच आहे.

कातळकडा

आधी प्राधान्यक्रम लावून घ्या. डोंगरातल्या स्कोपचं पहिलं काम झिरो, म्हणजे एकदा जुळवलेला नेम, धरून ठेवणं. दुसरं, गाल टेकवल्याबरोबर पूर्ण चित्र दिसणं. तिसरं, संधिप्रकाशात दिसणं. वजन चौथं, आणि पटींचा आकडा त्याच्याही मागे. दुकानात हा क्रम बरोब्बर उलटा होतो, कारण काउंटरपाशी वजन आणि पटी तेवढ्या कळतात. झिरो टिकतो की नाही ते घसाऱ्यावर रायफल दोनदा आपटली की कळतं.

हलक्या रायफलीवर झिरोचा प्रश्न जास्त नाजूक का, ते बघा. तुमच्या गोळीला आणि बारुदाच्या वायूला मिळून जेवढा संवेग मिळतो तेवढाच रायफलीला उलट दिशेने मिळतो. सप्रेसर धरला नाही तर साडेचार किलोच्या रायफलीत धक्क्याची ऊर्जा साधारण १५ ज्यूल येते, साडेतीन किलोच्या रायफलीत १९. सप्रेसरने ती बरीच उतरते, पण हलकी रायफल झटक्यात मागे येणार हे नक्की. त्या क्षणी स्कोप जागच्या जागी राहू बघतो, म्हणजे त्याला धरणाऱ्या रिंगांमध्ये पुढे सरकू बघतो. जितका स्कोप जड, तितका हा ओढा मोठा. म्हणून ८०० ग्रॅमचा २.५-२०x५० हलक्या रायफलीवर, तोही अॅल्युमिनियमच्या पातळ रिंगांत बसवणं मला मुळीच पटत नाही. रायफलीचा तोलही वर जातो आणि सॅकवर टेकवली की ती कुशीवर कलंडते.

उलट बाजूही सांगतो. स्कोप फार हलका करायचा तर नळीची भिंत, आतली झूमची नळी, तिची स्प्रिंग, सगळीकडून थोडं थोडं कापावं लागतं. ३२५ आणि ५६० ग्रॅममधला फरक पाव लिटर पाण्याएवढा आहे. तो फरक पायातल्या बुटांत, सॅकच्या चौकटीत किंवा तंबूच्या खिळ्यांत वसूल होतो. झिरो हलला तर मात्र वसूल करायला काही उरत नाही.

तुमच्या अंतराला माझा कौल ३५० ते ५५० ग्रॅमच्या मधला: ३-९, ३-१० किंवा ३.५-१० पटींचा, ४० ते ४२ मिमी भिंगाचा. स्वारोव्स्की झेड३ ३-१०x४२ साधारण ३६० ग्रॅम, ल्युपोल्ड व्हीएक्स-३एचडी ३.५-१०x४० त्याच्या आगेमागे. एसडब्ल्यूएफए ३-९x४२ साधारण ५३५ ग्रॅम, नाइटफोर्स एनएक्सएस २.५-१०x४२ साधारण ५८०. शेवटचे दोन टरेट रोज फिरवणाऱ्यांसाठी. २.५-८x३६ सुद्धा चुकीचा नाही. ३५० मीटरवरचा प्राणी आठ पटीत दिसतो तो साध्या डोळ्यांनी ४४ मीटरवर दिसेल तेवढा. नेमाची जागा २० ते २५ सेंमीची आहे. पुरतं.

भिंगवाली

कातळकडा दादांच्या क्रमाला माझा पाठिंबा. काचेच्या बाजूचं मी सांगते.

भिंगाचा व्यास भागिले पट, की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ३६ भागिले ८ म्हणजे ४.५ मिमी. ४० भागिले १० म्हणजे ४. ४४ भागिले १५ म्हणजे तीनलाही थोडं कमी. संध्याकाळी बाहुली पाच-सहा मिमी उघडते, त्यामुळे १५ पटीत चित्र काळवंडतं आणि माणूस आपोआप पट उतरवून सहा-सातवर येतो. मग वरच्या आठ पटी वाहून नेल्या कशासाठी? शिवाय झोत बारीक असला की डोळा नेमका मध्यावर यावा लागतो. धाप लागलेली, एक ढोपर दगडावर, अशा अवस्थेत तो येत नाही आणि कडेने काळी सावली फिरत राहते.

याच कारणाने ५० मिमीचं भिंग टाळा. त्याला उंच रिंग लागते, उंच रिंगेने गाल दस्त्यावरून सुटतो, आणि टिक्का लाइटचा दस्ता गालाकडे तसाही खालीच आहे.

पॅरॅलॅक्सची, म्हणजे डोळा हलला की नेम सरकण्याची, धास्ती उगाच घेतली जाते. बाजूचं फोकस चाक नसलेले अमेरिकी स्कोप बहुधा १५० यार्डांवर, म्हणजे १३७ मीटरवर जुळवलेले असतात. ४० मिमी भिंग, ३०० मीटर अंतर आणि डोळा अगदी कडेला असला तरी जास्तीत जास्त चूक साधारण २४ मिमी येते. डोळा बऱ्यापैकी मध्यावर असेल तर त्याची निम्मीही नाही. त्या चाकासाठी वजन आणि एक जास्तीचा सील वाढवू नका.

रेटिकलबद्दल: पहिल्या फोकल प्लेनमधलं रेटिकल पटीबरोबर लहानमोठं होतं, त्यामुळे खुणा प्रत्येक पटीला खऱ्या राहतात. पण तीन पटीला ते कोळ्याच्या जाळ्याइतकं बारीक होतं, आणि गडद खडकावर, काळपट आयाळीवर, संध्याकाळी साडेपाचला शोधावं लागतं. तुमच्या कामाला दुसऱ्या प्लेनमधलं, कडेला जाड आणि मध्ये बारीक असं रेटिकल बरं. फक्त त्याच्या खालच्या खुणा एका ठरावीक पटीलाच खऱ्या असतात, बहुधा सर्वांत मोठ्या. आठ पटीची खूण चार पटीला दुप्पट अंतर दाखवते. खुणा वापरायच्या तर झूम शेवटाला नेऊनच, हे हाताला सवयीचं करा.

आतला लाल ठिपका असेल तर असू द्या, पण त्याच्यावाचून रेटिकल दिसलं पाहिजे. सीआर२०३२ सेल थंडीत लवकर मान टाकतो.

आणि एक गोष्ट जोर देऊन सांगते. प्राणी शोधणं, नर की मादी ठरवणं, वय बघणं हे सगळं दुर्बिणीने करायचं, ८x किंवा १०x४२ ने. रायफलीच्या स्कोपमधून डोंगर न्याहाळणं म्हणजे समोर कोण आहे ते माहीत नसताना त्याच्यावर रायफल रोखणं. लक्ष्य निःसंशय ओळखल्याशिवाय रोखायचं नाही हा तिथल्या सुरक्षा नियमांतला महत्त्वाचा नियम आहे. दुर्बीण गळ्यात असेल तर १५ पटींची गरजही उरत नाही.

उतारमोजणी

वरच्या दोघांशी बहुतेक सहमत आहे, पण टरेटला इतकं मागे टाकू नका. आकडे मांडतो.

तुमच्या गोळीचा झिरो २०० मीटरला धरला तर १०० मीटरवर ती ५ ते ६ सेंमी वर लागेल. ३०० वर साधारण २४ सेंमी खाली, ३५० वर ४३, ४०० वर ६५ ते ७०. म्हणजे २५० पर्यंत काहीच करायचं नाही, सरळ नेम. ३०० ला अंदाजाने वर धरता येतं. ३५० ला हवेत नेम धरावा लागतो आणि तिथे माणसं चुकतात. त्यातून मे-जूनमधल्या नराची आयाळ छातीखाली लोंबत असते. छाती आहे त्यापेक्षा खोल वाटते, आणि दिसणाऱ्या आकाराच्या मध्यावर नेम धरला तर तो खरं म्हणजे खाली असतो. अशा वेळी ०.१ मिलच्या टरेटवर (मिल आणि मिनिट ही कोनाची मापं) १२ क्लिक, किंवा पाव मिनिटाच्या टरेटवर १७ क्लिक फिरवून नेम सरळ हाडामांसावर धरणं जास्त प्रामाणिक.

उतार विसरलात तर ही सगळी आकडेमोड वाया. ३० अंशांच्या उतारावर ३५० मीटर म्हणजे आडवं अंतर ३०३. चढ असो की उतार, गोळी वरच लागते. ३५० चा हिशोब लावला तर साधारण १५ सेंमी वर, म्हणजे पाठीवरून केस उडवत निघून जाईल. ४० अंशांना तेच ३५० चे २६८ होतात. रेंजफाइंडर कोन धरून अंतर देणारा घ्या. स्कोपवर आणखी पैसे घालण्याआधी हा खर्च करा.

उंचीचा परिणाम त्या मानाने किरकोळ. १५०० मीटरवर हवा साधारण १५ टक्के विरळ, तर ४०० मीटरवर गोळी तीन-चार सेंमी कमी खाली जाते. वारा मात्र सोडत नाही. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ३०० मीटरवर १८ सेंमी ढकलतो, आणि दरीत तो इकडून एक, तिकडून एक असतो. त्याचं उत्तर कुठल्याही स्कोपमध्ये नाही. जवळ जा.

टरेट घ्यायचा तर शून्यावर कुलूप बसणाराच. उघडा टरेट सॅकच्या पट्ट्याला घासून फिरतो, आणि एक फेरी पूर्ण फिरला तर आकडा पुन्हा शून्यच दिसतो.

कातळकडा

उतारमोजणी, मान्य. ३५० ची हद्द असेल तर कुलूपवाला एकच टरेट, उंचीचा. वाऱ्याच्या टरेटवर टोपी. एवढ्यावर आपलं एकमत आहे असं समजतो. फक्त गोळी झाडून झाली की टरेट शून्यावर आणल्याशिवाय बोल्टला (काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याला) हात लावायचा नाही.

दक्षिणबेट

मनापासून आभार. १५ पटींचा विचार सोडला. ३.५-१०x४०, दुसऱ्या प्लेनमधलं रेटिकल, कुलूपवाला उंचीचा टरेट, इथपर्यंत आलो. आता बसवण्याबद्दल सांगा. घरी टॉर्क रेंच आहे. भुवईचा प्रश्न अजून उभाच आहे.

कातळकडा

बहुतेक घोटाळे बसवण्यातच होतात आणि दोष स्कोपला दिला जातो. म्हणून जरा सविस्तर.

रायफल रिकामी आहे ना ते आधी डोळ्याने आणि बोटाने बघा, बोल्ट काढून ठेवा. टिक्काच्या रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात बसतो तो भाग) १७ मिमीची डोव्हटेल (माउंट अडकवायची खाच) आहे आणि स्क्रूची भोकंही आहेत. वजनासाठी बेस आणि रिंग एकाच तुकड्यात असलेलं अॅल्युमिनियमचं माउंट घ्या, जोडी साठ-सत्तर ग्रॅममध्ये बसते. भोकं आणि स्क्रू अॅसिटोनने पुसून तेल पूर्ण काढा. तेलावर टॉर्कचा आकडा खोटा येतो: रेंच म्हणतो झालं, स्क्रू प्रत्यक्षात जास्त ताणलेला असतो. बेसच्या स्क्रूला निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) एक बारीक थेंब, रिंगेच्या स्क्रूला काही नाही. बेसला साधारण २.३ न्यूटन-मीटर, रिंगेला १.७ ते २. माउंटच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच खरा. रिंगेचे स्क्रू फुलीच्या क्रमाने थोडे थोडे आवळा, दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. जास्त आवळलं की नळीला वळ उठतो आणि झूमचं कडं अडकायला लागतं.

टिक्काची रिसीव्हर लांबी सगळ्या काडतुसांना एकच, त्यामुळे आखूड स्कोप घ्यायचा असेल तर आधी मोजा. दोन रिंगांमधलं अंतर आणि स्कोपच्या नळीचा सरळ भाग यांत पुढेमागे करायला किमान दीड-दोन सेंमी जागा हवी. २.५-८x३६ मध्ये ही जागा फार थोडी उरते. तुम्ही ३.५-१० वर आलात ते या दृष्टीनेही बरं झालं.

आता भुवई. डोळ्यापासून भिंगापर्यंत ९० मिमी ही माझ्या मते या रायफलीची किमान मर्यादा, १०० असेल तर उत्तम. आणि तो आकडा सर्वांत मोठ्या पटीचा बघा, कारण पट वाढवली की हे अंतर बहुधा कमी होतं. बसवताना झूम दहावर, अंगात डोंगरातला सगळा जामानिमा: जाड जॅकेट, वर पावसाळी. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. चित्र कडेपर्यंत भरलेलं हवं. हे बसून करा, मग पोटावर झोपून करा. झोपल्यावर डोकं पुढे येतं, तर जुळवणी झोपून जी येईल ती धरा. नंतर सॅकवर नळी उंच करून, ३० अंश वर रोखून पुन्हा बघा. चढावर दस्ता खांद्याच्या खाली सरकतो आणि डोळा भिंगाकडे ओढला जातो, भुवई फुटते ती इथे. शंका असेल तर पाच मिमी पुढे ढकला, सावलीची बारीक कडा दिसली तरी चालेल.

रेटिकल सरळ करायला समोर ओळंबा सोडा आणि उभी रेघ दोरीशी जुळवा. हे महत्त्वाचं, कारण उतारावर क्षितिजच तिरकं दिसतं आणि माणूस नकळत रायफल डोंगराकडे कलती धरतो. पाच अंश कललं तर ३५० मीटरवर आठ-नऊ सेंमी बाजूला.

शेवटी रिंगेच्या कडेला स्कोपवर रंगाची बारीक रेघ मारून ठेवा. वीस गोळ्यांनंतर रेघ रिंगेपासून पुढे सरकलेली दिसली तर स्कोप घसरतोय.

उतारमोजणी

झिरो करताना सप्रेसर लावूनच करा. तो काढला-लावला की गोळीची जागा बदलते. या रायफलीची नळी बारीक आहे, तीन गोळ्यांत तापते आणि चौथी-पाचवी भलतीकडे जाते. लोक लगेच टरेट फिरवायला घेतात. तीन गोळ्या, मग बोल्ट उघडा ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग पुढच्या तीन. शिकारीला पहिली, थंड नळीची गोळीच कामाची, म्हणून वेगवेगळ्या दिवशीच्या पहिल्या गोळ्या एकाच कागदावर जमवा.

टरेटची परीक्षा अशी: १०० मीटरवर उंच फळी, ओळंब्याने आखलेली उभी रेघ. तीन गोळ्या शून्यावर. पाव मिनिटाचे ४० क्लिक वर म्हणजे २९ सेंमी, तिथे तीन. परत शून्य, पुन्हा तीन. पहिला आणि शेवटचा गट एकात एक पडले पाहिजेत, मधला २९ सेंमी वर आणि रेघेवरच. रेघेपासून बाजूला गेला तर स्कोप तिरका बसलाय. मग रायफल सॅकला बांधून, जंगलवाटेने दिवसभर हिंडवून, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक गोळी. हे सगळं खोऱ्यात जाण्याआधी, रेंजवर.

भिंगवाली

हवामानाचं थोडं. आत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला असतो, त्यामुळे आतून धुकं धरत नाही. धरलं तर सील गेला, स्कोप परत पाठवा. बाहेरून धरतं ते मात्र आपल्या श्वासाने, किंवा थंड रायफल गरम हटमध्ये (डोंगरातल्या मुक्कामाच्या खोपीत) आणल्यावर. आत आणायची तर रिकामी करून, बोल्ट वेगळा काढून, आणि स्टोव्हपासून लांब. सकाळी बाहेर पडण्याच्या अर्धा तास आधी भिंगं बघा. दवाचा थर तसाच बाहेर नेला तर मिनिटात गोठतो आणि मग बोटाने खरवडायचा मोह होतो. खरवडू नका. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग सुक्या मऊ कापडाने टिपा. बाहीने पुसलंत तर खडकाची पूड भिंगाच्या लेपावर रेघोट्या ओढते.

झाकण म्हणून निओप्रीनची खोळ पुरते, वजन नगण्य. झटक्याने उघडणारी प्लॅस्टिकची झाकणं थंडीत बिजागरीशी तुटतात. खोळ आतून ओली झाली की रात्री पिळून झोपण्याच्या पिशवीत घ्या. आणि खोळ चढवलेली असताना बोल्ट पूर्ण उचलून बघा, हातमोज्यासकट. टिक्काचा बोल्ट ७० अंशच उचलावा लागतो म्हणून जागा मिळते, पण जाड डोळाभिंग आणि जाड मोजा एकत्र आले की बोटं अडकतात.